साडेतीन कळसांचे मास्तर

१९९६ सालच्या दिवाळीनंतरचा तिसरा सोमवार, सकाळचे साडेदहा. परत आलेल्या साड्या एकशे बेचाळीस, दर दोनशे पंचाहत्तर, एकूण एकोणचाळीस हजार पन्नास रुपये. हजर माणसं तीन. गादीवर शेठ, गादीसमोर उभे सुकलाल मास्तर, आणि कोपऱ्यात चोपडा उघडून बसलेला मी, सुरतेच्या या साडी कारखान्याचा मेहताजी, म्हणजे हिशेबनीस.

शेठने एका साडीचा पदर उलगडून गादीवर पसरला. पदरावर दक्षिणेकडच्या देवळाचं उंच गोपुर विणलेलं होतं. माल त्रिचीच्या व्यापाऱ्यासाठी होता, तिकडच्या लग्नसराईसाठी. व्यापाऱ्याने सगळा गठ्ठा परत पाठवला होता आणि सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की आमच्याकडे गोपुराच्या माथ्यावर कळस नेहमी विषम असतात, पाच, सात, नऊ. तुमच्या गोपुराला आठ आहेत. अशी साडी कोणी नवरीला घेणार नाही.

"मास्तर, आ मंदिर छे के दांतियो?" शेठ म्हणाले. दांतियो म्हणजे कंगवा. "गणी जुओ."

मास्तरांनी चष्मा नाकावर सरकवला आणि खाली वाकून मोजले. मग मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं, जरा रागानेच. माझ्या मते माणसाने मोजून काम करावं. मी नऊ वर्षं चोपडा लिहीत होतो आणि एका पैशाचा फरक कधी पडू दिला नव्हता.

"शेठ, मी ते देऊळ कधी डोळ्यांनी पाहिलंच नाही," मास्तर म्हणाले. "चित्रावरून किती काढणार?"

शेठने पदराची घडी घातली. मग म्हणाले की जाऊन बघून या. महिन्यात नवा माल गेला नाही तर व्यापारी सुटेल. आणि या वेळी चुकलं तर मास्तर, बाजारात कॉम्प्युटरवर ग्राफ काढणारे आलेत, मला तिकडे जावं लागेल. खर्चावर लक्ष ठेवायला मेहताजीला बरोबर न्या.

असा मी त्या प्रवासाला गेलो. देवदर्शनाला नव्हे, वहीला.

सुकलाल मास्तर मूळचे अमळनेरकडचे, सुरतेत राहायला गोडादऱ्याला. मी डिंडोलीला. दोघंही खान्देशी, म्हणून ते माझ्याशी अहिराणी बोलत, शेठशी मराठीत गुजराती मिसळून, आणि स्वतःशी आकड्यांत. त्यांचं काम जेकार्डच्या साड्यांचे ग्राफ काढण्याचं. बारीक चौकटींच्या कागदावर ब्रशने एकेक चौकट भरून चित्र करायचं, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, ती कार्डं मागावर चढवली की भोकांप्रमाणे धागे उचलले जातात आणि चित्र कापडात उतरतं. चौकटीला मास्तर 'घर' म्हणत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "घरात बसेल ते खरं." मोर असो, कमळ असो, माणूस असो, ते आधी त्याची घरं मोजत. माझं तोंड चोवीस घरं रुंद आणि बावीस घरं उंच आहे, हे त्यांनी मला ओळख झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

चष्म्याची एक काडी मोडलेली होती. तिच्या जागी जरीचा धागा कानाला गुंडाळलेला. चौकट भरताना ते श्वास रोखून धरत, ओळ संपली की सोडत. त्यामुळे त्यांच्या टेबलाजवळ बसलं की कोणीतरी दर मिनिटाला पाण्याखालून वर येतंय असं वाटायचं. लग्नाकार्यात ते बायकांचे पदर टक लावून बघत. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्या शेजारी पहारा दिल्यासारख्या उभ्या राहायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "काठ देखी राहिनात, दुसरं काही नही."

दक्षिणेच्या गोपुरांचं त्यांना वेड होतं. सगळं वेड एका कॅलेंडरवर पोसलेलं. त्या कॅलेंडरवर श्रीरंगमचं मोठं गोपुर होतं, पण वरच्या पत्र्याच्या पट्टीत त्याचा माथाच दाबला गेला होता. कळस पट्टीखाली. इच्छापोरच्या एका रंगाच्या कारखान्यात तमिळ केमिस्ट होता. मास्तर सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून त्याच्याकडे गेले आणि विचारून आले की कळस विषम असतात. म्हणजे ही गोष्ट त्यांना पत्र येण्याच्या आधीपासून ठाऊक होती. मलाही ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. म्हणूनच मला राग आला होता : ठाऊक असून माणूस आठ काढतो म्हणजे काय?

मद्रासची गाडी सुरतेहून सुटली की खान्देशातूनच जाते. अमळनेर आलं तसे मास्तर दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांचं घर, भाऊ, दीड एकर सगळं त्या स्टेशनापासून तासाभरावर. मी विचारलं, "उतरावंसं वाटतंय?"

"दख," ते म्हणाले, "वीस वरीस व्हयनात, मी या गाडीखाली उतरी जास. आज पहिलींदाव पुढे जाई राहिनू." वीस वर्षं याच गाडीतून ते इथे उतरत आले होते आणि गाडी पुढे मद्रासला जायची.

मी मात्र वाटभर त्यांना शिकवत गेलो. काम झालं की उलटं मोजावं. दुसऱ्याकडून तपासून घ्यावं. मी बेरीज खालून वर आणि वरून खाली अशी दोनदा करतो. मास्तर "हा, हा" म्हणत शेंगा सोलत होते. आता आठवलं की कान गरम होतात.

त्रिचीला भाषेचा प्रश्न मला भयंकर वाटत होता. मी दुभाषा मिळतो का आणि त्याचा दर काय याची चौकशी हिंदीत केली. कोणाला कळली नाही. मास्तरांनी खिशातून ग्राफचा तुकडा काढला, एक पेला काढला, त्यावर वाफेच्या तीन रेघा. कॉफी आली. त्यांनी चहा काढला होता असं ते म्हणाले, पण कॉफीही त्याच घरांत बसते.

गावाच्या मधोमध एकच प्रचंड खडक आहे आणि त्याच्या डोक्यावर गणपती. पायऱ्या खडकाच्या पोटातून कोरलेल्या. मी चढताना मोजल्या, चारशे एकवीस. उतरताना मोजल्या, चारशे सव्वीस. मी पुन्हा चढायला निघालो. मास्तरांनी माझा शर्ट मागून धरला.

"देवना घरी ताळेबंद नही लागस रे भाऊ. बस आठे." आठे म्हणजे इथे.

वर बसून त्यांनी काय केलं तर काहीच नाही. खाली कावेरीचं रुंद पात्र, मध्ये नारळांनी भरलेलं बेट, आणि त्या हिरव्यातून वर आलेली श्रीरंगमची गोपुरं, एकामागे एक. मी ती मोजायला लागलो. ते नुसते बघत होते. सुरतेत ज्या माणसाला मी कधी रिकाम्या हाताने बसलेलं पाहिलं नव्हतं, तो अर्धा तास हात मांडीवर ठेवून बसला. मला वाटलं, बिचारे घाबरलेत. नोकरीचा विचार करतायत.

दुपारी आम्ही बेटावरच्या तिरुवानैकावलच्या शंकराला गेलो. तिथे भर दुपारच्या पूजेला पुजारी देवीच्या वतीने साडी नेसून येतो; पुढे हत्ती, वाद्यं. गाभाऱ्यात लिंगाशी पाणी झिरपत असतं. गर्दीतल्या सगळ्यांचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. दोन माणसांचे डोळे उघडे होते. मी देणगीची पाटी वाचत होतो आणि मास्तर टाचा उंचावून पुजाऱ्याच्या साडीचा काठ बघत होते. इथे वहिनी नव्हत्या, त्यामुळे खुलासा करायचं काम माझ्यावर आलं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी खुणांनी सांगितलं की हे साडीवाले आहेत. त्यांना काय कळलं देव जाणे. त्यांनी मास्तरांच्या कपाळाला आदराने विभूती लावली.

संध्याकाळी बाजारात त्याहून वाईट झालं. एक फुलवाली टोपली घेऊन पुढे चालली होती आणि मास्तर एकाएकी तिच्यामागे धावत सुटले. मी त्यांच्यामागे. परमुलखात दोन प्रौढ पुरुष एका बाईमागे धावतायत. माझ्या डोळ्यांसमोर पोलीस ठाणं, तार, शेठ, सगळं उभं राहिलं. बाई वळली. मास्तरांनी तिच्या साडीच्या काठाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे, मग वही काढून भराभर तोच काठ काढला : तीन पायऱ्यांचं शिखर, मध्ये ठिपका, पुन्हा शिखर. त्यांचाच काठ होता, कित्येक वर्षांपूर्वीचा, धुऊन धुऊन विटलेला. बाईने वही बघितली, साडी बघितली, आणि असं मोठ्याने हसली की चार दुकानदार बाहेर आले. तिने आम्हा दोघांना अबोलीचा एकेक गजरा दिला. पैसे घेईना. मी तो गजरा हातात धरून लॉजवर आलो; कुठे घालावा हे मला आजतागायत कळलेलं नाही. मास्तरांनी आपला टोपीला गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरंगम. ते देऊळ म्हणजे सात भिंतींचं गावच आहे. बाहेरच्या भिंतींच्या आत घरं, भांड्यांची दुकानं, सायकली, रांगोळ्या. आत आत जावं तशी गोपुरं लहान होत जातात आणि देव जवळ येतो. मास्तर मात्र पहिल्याच, सगळ्यात मोठ्या गोपुरासमोर रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसले. मान मागे टाकून त्यांनी माथा बघितला. पत्र्याच्या पट्टीखाली इतकी वर्षं दडलेले ते कळस उन्हात झळकत होते. तेरा. मीही मोजले, डावीकडून आणि उजवीकडून.

मग त्यांनी ग्राफ उघडला आणि श्वास रोखून भरायला घेतला. मी छत्री धरून उभा. दोन तासांनी वाकून बघितलं तर त्यांनी गोपुराचा फक्त डावा अर्धा भाग काढला होता, कागदाच्या उजव्या कडेपर्यंत, आणि माथ्यावर कळस होते साडेसहा. सहा पुरे आणि सातवा कडेला उभा कापल्यासारखा अर्धा.

"मास्तर," मी म्हणालो, "कागद पुन्हा संपला तुमचा. द्या इकडे, मी पट्टी चिकटवून तो अर्धा पुरा करून देतो."

मास्तरांनी ब्रश खाली ठेवला. दाढीच्या सामानातला लहान आरसा त्यांच्या पिशवीत होता. तो काढून त्यांनी कागदाच्या कडेवर उभा धरला. आरशात उजवी बाजू उमटली आणि पुरं गोपुर उभं राहिलं. मधला कळस दोन अर्ध्यांचा एक झाला. तेरा.

"मागनं बी असंच रहास," ते म्हणाले. "अर्धं आपण देवानं, अर्धं तो उलटं करी देस." म्हणजे अर्धं चित्र आपण द्यायचं, उरलेलं अर्धं माग उलटवून विणतो.

छत्री माझ्या हातात होती, पण ऊन लागल्यासारखं झालं. मला आठवलं. म्हणजे मी विसरलो नव्हतोच. ते काम मला अभिमानाने लक्षात होतं. श्रावणात मास्तर भाचीच्या लग्नकार्याच्या बोलणीसाठी चार दिवस गावी गेले होते. कार्डं पाडणारा माणूस ग्राफ न्यायला आला. मी सवयीने तपासून घेतला, आणि मला त्यावर साडेतीन कळस दिसले. साडेतीन! मुहूर्त साडेतीन असतात, पीठं साडेतीन असतात; कळस साडेतीन कसे असतील? मास्तरांचा कागद अपुरा पडला असणार. मी कडेला पट्टी चिकटवली आणि त्यांच्याच ब्रशने चौथा कळस नीट पुरा केला. एकही घर रेघेबाहेर गेलं नाही. चाराचे आठ मागाने केले. नऊ वर्षं त्या कारखान्यात कार्डांची संख्या मला तोंडपाठ होती. कार्ड करतं काय, हे विचारण्याची गरज वाटली नव्हती.

"मास्तर," मी म्हणालो, "तो चौथा कळस..."

"मले माहित शे."

"कधीपासून?"

"शेठनी पदर पसारा तवयपासून. तुना हात लगेच वळखू येस. चोपडाना आकडा भरेल शेत, तसा."

"मग बोलला का नाहीत?" मला गहिवरून आलं होतं. आपल्यासाठी या माणसाने नोकरी पणाला लावली, अशा अर्थाचं काहीतरी मी बोलूही लागलो.

मास्तरांनी मला मध्येच तोडलं. "येडा शे का? मी तवय बोलतू तर शेठ मले आठे धाडता का?"

आणि पुन्हा श्वास रोखून ते पुढचं घर भरू लागले.

सुरतेला आल्यावर नवा ग्राफ वेळेत गेला, नव्या साड्या गेल्या, व्यापाऱ्याने ठेवून घेतल्या. शेठचं काम झालं. मास्तरांचं झालं नाही. कारखान्यात त्यांना 'आठवाले मास्तर' नाव पडलं. गोडादऱ्याचे दोन कारखानदार संध्याकाळचं जास्तीचं काम त्यांना देत, वहिनींचं औषध त्यावर चालायचं. त्या दोघांनी देवळांची डिझाइनं दुसऱ्याकडे टाकली आणि मग बाकीचीही. मी एकदा त्यांच्या घरी गेलो तर ते दाराशी बसून होते, ब्रश कोरडा. "सध्या सुट्टी शे," एवढंच म्हणाले.

मी रोज ठरवायचो की आज शेठना सांगू. रोज काहीतरी टोटल लागत नसे. वर्षानुवर्षं 'मेहताजीचा आकडा' म्हणजे देवाचा शब्द, असं माझ्याविषयी बोललं जात होतं आणि ते ऐकायला मला फार आवडत असे. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी चहाच्या वेळी गोडादऱ्याच्या त्या कारखानदारांपैकी एकजण गादीवर येऊन बसला आणि हसत म्हणाला, "शुं शेठ, आठवाला हजी छे?" हजी म्हणजे अजून.

"आठवा कळस मी काढला," मी म्हणालो. आवाज फारच मोठा निघाला. माग थांबल्यासारखे वाटले. मग सगळं सांगितलं, पट्टी, चार, आठ.

शेठ माझ्याकडे बघत राहिले. "मेहताजी, तमे?" ते म्हणाले. "चोपडामां एक पैसो आघोपाछो न थाय, ने भगवानना घरमां आखो कळश वधारी दीधो!" चोपड्यात पैसा हलत नाही आणि देवाच्या घरी अख्खा कळस वाढवला, असं.

ते हसले, पाहुणा हसला, कारागीर हसले. तेव्हापासून मी सुरत सोडेपर्यंत 'कळशवाले मेहताजी' होतो. तो पाहुणा जाताना मास्तरांच्या टेबलापाशी थांबला आणि दुसऱ्या दिवशी त्याचं काम परत आलं. दुसऱ्याचंही आठवड्यात आलं.

मी मास्तरांच्या तोंडून एका चांगल्या शब्दाची वाट पाहत होतो. ते पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी मीच गाठलं.

"सांगून टाकलं ना मी?"

"कोनी सांगेल व्हतं तुले?" ते भडकले. "आठ पाहून शेठनी त्रिचीले धाडं. मी तंजावरकरता सहा कळसना एक बेत करी ठेयेल व्हता. आते तंजावरले मले कोन धाडी?"

मी घरी जाऊन हिशोब केला, खालून वर आणि वरून खाली. मग त्यांना निरोप दिला की तंजावरला तुम्हाला मी पाठवतो.

पुढच्या फाल्गुनात एका सकाळी आम्ही सुरत स्टेशनच्या आरक्षणाच्या रांगेत भेटायचं ठरवलं. मी एका तिकिटाचे पैसे वेगळे काढून पाकिटात घालून नेले होते. मास्तर आले ते वहिनींना घेऊन. वहिनींनी नवं लुगडं नेसलं होतं.

"वहिनी पण?" मी विचारलं.

"दोन तिकिटं," मास्तर म्हणाले. "एक चुकनं. एक एकोणीस दिवस गप बसानं."

वहिनी पदराआड हसल्या. मी पाकिटाशिवायच्या खिशात हात घातला.

ते दोघं तंजावर पाहून परतताना अमळनेरला उतरले आणि तिथेच राहिले. राजीनामा पोस्टकार्डावर आला. त्यामुळे गाडी सुटली त्या दिवशीचं दिसलं तेच शेवटचं. वहिनी खिडकीशी होत्या. मास्तर त्यांच्या पलीकडे ताठ बसलेले, टोपी कडक इस्त्रीची, मांडीवर ग्राफची कोरी वही. मी हात हलवला. त्यांचं लक्ष नव्हतं. ते वहिनींना बोटाने हवेत काहीतरी काढून दाखवत होते, खालून रुंद आणि वर निमुळतं, आणि वहिनी ते बोट जाईल तिकडे मान वर वर करत होत्या.

साड्यांची तूट शेठने माझ्या नावावर टाकली नाही. या सगळ्यात मी भरले ते एवढेच : सुरत ते मद्रास, दुसरा वर्ग, दोन जागा, रुपये पाचशे बाहत्तर रोख, आरक्षणाच्या तिसऱ्या खिडकीवर, रेल्वेला.